पिवळ्या ठिपक्यांवरची सुई

"रडू नकोस गं माझे बाई. आजपासून तू टोचून घ्यायचं नाहीस. सगळं टोचणं आता हिच्याकडे."

मित्रांनो, मी या जगात ऐकलेला हा पहिला आवाज. तो एका आत्याचा होता, आणि ज्या भाचीला ती समजावत होती तिचं नाक रडून लाल झालं होतं. शेवटचा टाका घालून आत्याने दोरा दाताने तोडला, मला दोन थापट्या मारल्या आणि भाचीच्या हातात दिलं. 'सगळं टोचणं हिच्याकडे' म्हणजे माझ्याकडे, हे मला कळायच्या आत पहिली सुई पोटात शिरलीसुद्धा.

मी एक जुनी सुयांची उशी आहे. दुकानदार मला पिनकुशन म्हणतात, म्हणोत बापडे. मी तळहाताएवढी, गोल, गुबगुबीत. माझ्या पाठीवर रंगीत तुकड्यांच्या पाकळ्या आहेत आणि पोटावर एक वाकडी, नागमोडी शिवण आहे. पाहुणे ती पाहून हसतात. मला मात्र अंगावरच्या सगळ्या टाक्यांत तेच टाके लाडके आहेत. ते कुणी घातले, हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलं आहे.

पण आधी माझा जन्म. आत्या एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. भाची तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि टाके घालायला शिकायची. पोरीला एकच खोड होती. काम थांबलं की सुई फ्रॉकच्या छातीवर खोचून ठेवायची आणि विसरायची. मग लाडाने जवळ घेणारा जो कोणी असेल, तो "आई गं!" करून हातभर मागे उडायचा. बाप उडाला, आजोबा उडाले, शेजारीण उडाली. घरात तिला कुणी कुशीत घ्यायचं झालं, तर आधी चाचपून बघत. एके दिवशी पोरगी स्वतःच जमिनीवर पालथी पडली आणि स्वतःच उडाली. त्या दिवशी आत्याने कपाटातल्या चिंध्या काढल्या.

माझी पिवळ्या ठिपक्यांची पाकळी त्याच फ्रॉकची आहे. निळ्या रेघांची बापाच्या सदऱ्याची. पोटात मात्र आत्याने भुसा भरला नाही, कापूस भरला नाही. फणीत निघालेले स्वतःचे तेलकट केस ती कितीतरी दिवस पुरचुंडीत जमवत होती, ते भरले. "केसांत सुई गंजत नाही," ती म्हणाली. म्हणजे मी मुळातच एका शहाण्या बाईच्या डोक्यातून निघालेली आहे. उगाच नाही मला इतकं कळत!

तो फ्रॉक गेला, ते दुकान गेलं. आत्याही गेली. भाची मोठी झाली, हाताने गोधड्या शिवू लागली आणि लोक तिला टाकेबाई म्हणू लागले. माझे ते दिवस भरभराटीचे होते. येणारीजाणारी प्रत्येक बाई मला हातात घेऊन म्हणायची, "किती गोड आहे हो ही!" आणि मी मनातल्या मनात आणखी फुगायची.

मग घरात शिवणयंत्र आलं. त्याच्यासोबत आली एक लोहचुंबकाची डबी. तिच्यावर सुया नुसत्या टाकल्या तरी चिकटून बसत. खोचायला नको, काढायला नको. मला खणात ढकललं गेलं, तिथे एक सुकलेली शाईची बाटली आणि कान तुटलेला कप माझे सोबती झाले. पुष्कळ वर्षं मी अंधारात अंग आखडून पडून होते. टोचून घेण्याचा कंटाळा येतो असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, कुणी टोचतच नाही, त्यासारखं दुखणं नाही.

मला पुन्हा उजेड दाखवला तो एका फाटक्या चादरीने.

टाकेबाई तेव्हा एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायच्या, अजूनही राहतात. खोलीत एक लांब टेबल, एक मोठी खिडकी आणि भिंतीला टेकून उभ्या गुंडाळलेल्या गोधड्या. खालून दिवसभर पंपाचा फसफस आवाज आणि घंट्यांची किणकिण. दुकानाचे मालक पंक्चरवाले काका. त्यांना दोन मुली. धाकटीला सगळे खारूताई म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे आणि जे हातात घेई ते कुठेतरी ठेवून विसरत असे. पेन्सिल, छत्री, डब्याचं झाकण. एकदा तर एका पायातली चप्पल. एका पायातली कशी हरवते, हे तिच्या बापालाही उमगलं नव्हतं.

त्या दिवशी ती फाटकी चादर घेऊन जिना चढून वर आली.

"टाकेबाई, ही शिवून द्या ना."

"कुणी फाडली?"

"ताईने. म्हणजे मी पण. ती तिकडून ओढते, मी इकडून ओढते. दोघींना एकच पांघरूण आहे."

"मग मी शिवली, तर पुन्हा फाडाल."

"हो," खारूताई खरं तेच बोलली.

टाकेबाई हसल्या. म्हणाल्या, "तू स्वतःची गोधडी का करत नाहीस? स्वतः केलेली. कुणी ओढली तर ठणकावून सांगायचं, माझी आहे."

पोरीचे डोळे असे चमकले म्हणता! शिवणयंत्रावर लहान बोटं ठेवायला टाकेबाई धजेनात. म्हणून हाताचं काम ठरलं, हाताच्या सुया आल्या, आणि सुया आल्या म्हणून खण उघडला. मी बाहेर आले. टाकेबाईंनी माझ्यावरची धूळ फुंकली आणि पिवळ्या ठिपक्यांवरून हळूच बोट फिरवलं.

पुढच्या शनिवारी खारूताईमागून आणखी मुलं आली. त्यांतला एक प्रश्नोबा. का, कसं, कुठे आणि मग काय, याशिवाय त्याला बोलताच येत नसे. पंक्चरवाले काका खालून ओरडायचे, "टाकेबाई, ठिगळं मीही लावतो आणि तुम्हीही. आपण भावंडंच की! पण माझ्या ठिगळातून हवा जाता कामा नये." टाकेबाई खिडकीतून उत्तर द्यायच्या, "माझ्यातूनही नाही जात हो, थंडीची!"

टाकेबाईंची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. नवं कापड आणायचं नाही. ज्याने त्याने आपले आखूड झालेले कपडे आणायचे. "हा कुठे फाटला?" त्या विचारायच्या, आणि मूल सांगायचं, झाडावरून उतरताना, किंवा कुत्र्याने धरला होता. ती गोष्ट सांगून झाल्यावरच कात्री लागायची. मग चौकोन मांडायचे, आत जुन्या चादरीचा थर, खाली अस्तर, आणि तळहाताने सगळ्या सुरकुत्या कडेकडे पळवून लावायच्या. शिवायला सुरुवात कडेने. साधा धावदोरा, गोल गोल फिरत आत, मधल्या चौकोनापर्यंत. गाठ घडीत लपवायची. आणि हात चालत असताना त्या गुणगुणायच्या:

*खाली जा गं सुई, वर ये गं सुई,*
*मागे दोरा येतो, त्याला नको घाई.*
*वाट जरी वाकडी, घर तिला दिसे,*
*उबेच्या गावात कुणी परकं नसे.*

एक गोष्ट त्या कधीच करू देत नसत. उसवणं. टाका वाकडा गेला, लांब पडला, दुसऱ्याच्या टाक्यावर चढून बसला, तरी तसाच ठेवायचा. "वाकड्या टाक्याला थंडी घाबरत नाही का?" त्या म्हणायच्या. एकदा प्रश्नोबाने तल्लीन होऊन गोधडीसकट आपला पायजमा शिवून टाकला. घरी जायला उठला तर गोधडी शेपटासारखी मागे लोंबकळली. सगळी पोरं गडागडा लोळली. शेवटी पायजमाच ओढून सोडवला. पण पायजम्याचा जो कपटा फाटून गोधडीला चिकटून राहिला, तो टाकेबाईंनी काढू दिला नाही. "राहू दे. आणखी एक तुकडा मिळाला."

आता माझं काम ऐका. माझ्यावरची एकेक पाकळी एकेका मुलाची होती. निळ्या रेघा प्रश्नोबाच्या, पिवळे ठिपके खारूताईचे. तास संपला की प्रत्येकाने आपली सुई आपल्या पाकळीवर खोचायची आणि मोठ्याने म्हणायचं, "माझी घरी आली!" सगळ्या सुया घरी आल्याशिवाय कुणीही घरी जायचं नाही. कारण गोधडीत राहिलेली सुई म्हणजे खेळ नव्हे. झोपलेल्या माणसाला ती कुशीवर वळू देत नाही.

आणि मित्रांनो, इथेच मला एक गोष्ट ठाऊक होती, जी खोलीत दुसऱ्या कुणालाच नव्हती.

टाकेबाईंना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. नेढं म्हणजे सुईचं ते बारीक भोक, ज्यातून दोरा ओवतात. आधी त्या सुई लांब धरू लागल्या, मग जवळ, मग खिडकीपाशी. मग दोऱ्यावर राग काढू लागल्या: "हल्ली दोरेच मेले जाड येतात." आणि मुलं यायला लागल्यावर त्यांनी एक नियम काढला. जो पहिला येईल, त्याने सगळ्यांच्या सुया ओवायच्या, टाकेबाईंचीसुद्धा. "ओवणं हा पहिला धडा," त्या ठसक्यात म्हणायच्या. मुलं आधी येण्यासाठी जिन्यावरून धावत सुटायची. कुणालाही शंका आली नाही. शिवण्याचा हात तर इतका मुरलेला, की डोळ्यांवाचून चाले.

पण मुलं गेल्यावर त्या मला आवरायच्या, तेव्हा सुई नीट बसली आहे का ते दिसत नसे. म्हणून त्या बोटात अंगुस्तान घालून प्रत्येक पाकळी दाबायच्या. अंगुस्तान म्हणजे सुईपासून बोट वाचवणारी पितळी टोपी. माझा जुना शेजारी. स्वभावाने बरा, पण कातडीचा जाड. त्याला काही जाणवेल तर शपथ. गोधडीची सुई असते आखूड. दोरा संपलेली असली, तर वर शेपूटही राहत नाही. अंगुस्तानाखाली ती सुळकन माझ्या पोटात जायची. अशा कितीतरी गेल्या. टाकेबाईंना वाटे, मुलांनी मोडल्या असतील, आणि त्या पुडक्यातून नवी काढायच्या. मी काय करणार? मला तोंड नाही. पोट तेवढं आहे.

त्यात खारूताईची गोधडी पुरी व्हायचा शनिवार उजाडला.

तिने शेवटचा टाका मधल्या चौकोनात घातला. तो चौकोन त्या फाटक्या चादरीचा होता. गाठ मारली, दोरा तोडला, सुई माझ्या पिवळ्या ठिपक्यांवर खोचली आणि छप्पर उडेल अशी ओरडली, "माझी घरी आली!" लगेच गोधडी अंगावर घेऊन ती टेबलाभोवती दोन फेऱ्या धावून आली. त्या आनंदात टाकेबाई सुया मोजायच्या आधीच हसत हसत पाकळ्या दाबत गेल्या. पिवळ्या ठिपक्यांवर अंगुस्तान टेकलं. सुळकन.

"चला, बघू दे," प्रश्नोबा माझ्यावर वाकला. सुया बघायचं काम त्या दिवशी त्याचं होतं. "खारूताई, तुझी सुई कुठाय?"

"ठेवली ना!"

"कुठे?"

"पिवळ्यावर!"

"पिवळ्यावर नाही."

टेबलाखाली पाहिलं. चटई झटकली. बहिणीला न्यायला आलेली ताई दारातच म्हणाली, "हरवली ना? मला माहीतच होतं. हिचं डोकं मानेला शिवलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही कुठेतरी ठेवून आली असती."

कुणीतरी फिसकन हसलं. खारूताई हसली नाही. "मी ठेवली होती," ती म्हणाली. मग जरा हळू, "मला वाटतं, ठेवली होती."

"मग गोधडीत गेली असेल का?" प्रश्नोबाने विचारलं. त्याला दुष्टपणा करायचा नव्हता. त्याला नुसता प्रश्न पडला होता.

सगळ्यांनी टाकेबाईंकडे पाहिलं. त्यांनी गोधडी टेबलावर पसरली आणि तळहाताने इंच इंच चाचपली. पण थर जाड, टाके दाट. हाताला काही लागेना, आणि नाही असंही छातीठोकपणे म्हणवेना. अखेर त्या बसल्या.

"उसवावी लागेल, बाळा," त्या म्हणाल्या. ज्या तोंडाने त्यांनी कुणाला एक टाका उसवू दिला नव्हता, त्या तोंडाने.

खारूताईने 'नाही' म्हटलं नाही. लहान कात्री घेतली आणि मधल्या चौकोनापासून उसवायला लागली. तिने शेवटचा घातलेला टाका पहिला गेला. कच. कच. मी त्या टेबलावरच होते, हातभर अंतरावर. मित्रांनो, माझ्या जन्मात मला कधी ओरडावंसं वाटलं असेल, तर तेव्हा. अगं थांब, इथे आहे, माझ्या पोटात आहे! पण उशीने ओरडायचं कसं?

ताई थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग आली, बहिणीशेजारी बसली आणि म्हणाली, "सरक. मी तिकडून उसवते. आणि सुई मिळाली की तिकडून शिवतेही."

"तुला येतं?"

"नाही. तू शिकव."

टाकेबाईंनाही हात लावायचा होता, पण टाके दिसत नव्हते. त्यांनी अंगुस्तान काढून ठेवलं. जीव कासावीस झाला की लहानपणापासून त्या एकच करायच्या. मला मुठीत धरून दाबायच्या. तसंच आता धरलं, आणि दाबलं.

आणि मी टोचलं! आयुष्यभर टोचून घेतलेल्या मी पहिल्यांदा कुणाला तरी टोचलं. पोटातल्या सुईचं टोक खालून निघून थेट त्यांच्या तळव्यात गेलं.

"आई गं!" टाकेबाई फ्रॉकमधल्या पोरीसारख्या उडाल्या.

मग काय विचारता! कात्रीने माझ्या पोटाची शिवण उघडली गेली. ती सुई निघाली. तिच्यामागून दुसरी निघाली. मोजता मोजता प्रश्नोबाची हातांची बोटं संपली, तेव्हा त्याने ताईची मागून घेतली. एकीलाही गंज नव्हता. आत्याचे केस खोटे कसे ठरतील? पोरं टाळ्या पिटू लागली. "उशीने गिळल्या! उशी चोर! उशी खादाड!" गोंगाट ऐकून पंक्चरवाले काका जिना चढून आले आणि म्हणाले, "असं पोट माझ्या ट्यूबला असतं, तर मी उपाशी मेलो असतो." मी पोट उघडं टाकून पडले होते, पण खूश होते. चोर तर चोर. गोधडी वाचली ना!

टाकेबाईही हसल्या. पण जरा उशिरा हसल्या. ते फक्त मला दिसलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने चार शब्द शिकवणुकीचे सांगायचे असतात. ते मी आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटचे शब्द माझे नाहीत. तुमच्या घरात जी वस्तू, जे माणूस काही न बोलता सगळं पोटात ठेवत असेल, त्याला अधूनमधून हातात घ्या. हलकेच चाचपून बघा. आत काय काय साठलं आहे, ते त्याला सांगता येत नसेल. आणि हो, सुई खोचताना जरा तिरकी खोचा.

तर, हसणं ओसरलं. मधल्या चौकोनाचे गेलेले टाके पुन्हा घालायचे होते, माझं पोट शिवायचं होतं. टाकेबाई म्हणाल्या, "खारूताई, आधी हिला शीव. तुझ्याच हाताने."

खारूताईने हात पाठीमागे नेले.

"नको. मीच जोरात खोचली असेन. मी सुई धरली की काहीतरी हरवतंच. माझी गोधडी ताई पुरी करेल." आणि मग जमिनीकडे बघत, "पुढच्या शनिवारपासून मी नाही येणार."

"पण एवढ्या सगळ्या हिने एकटीने कशा खोचल्या?" प्रश्नोबा म्हणाला. "बाई, कशा?"

"तुझे प्रश्न फार झाले," टाकेबाई म्हणाल्या. "आणा इकडे, मीच शिवते."

त्यांनी सुई उचलली. रिळाचा दोरा जिभेवर ओला केला. सुई खिडकीकडे धरली. दोरा नेढ्याच्या शेजारून गेला. पुन्हा धरली, दोरा दुसऱ्या बाजूने गेला. ओवून द्यायला प्रश्नोबाने हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला. पहिल्यांदाच त्याने काही विचारलं नाही. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवून पाहत होतं. टाकेबाईंनी तिसऱ्यांदा सुई वर धरली, मग हळूच हात खाली आणला आणि खारूताईकडे वळल्या.

"तू ठेवली होतीस सुई. पिवळ्या ठिपक्यांवरच, जिथली तिथे. मी दाबली ती आत. या सगळ्या मीच दाबल्या." त्यांनी एक श्वास घेतला. "मला नेढं दिसत नाही, पोरी. बरेच दिवस झाले. कळलं तर तुम्ही यायचे बंद व्हाल, म्हणून बोलले नाही. घे, ओवून दे मला. आणि मग हिचं पोट तूच शीव, टाके वाकडे गेले तरी राहू देत."